पाटीवर न मावलेला इतिहास : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

आजपासून काम सुरू. जगातल्या प्रसिद्ध स्मारकांवर मराठीत छोटी श्राव्य टिपणे करायची आहेत. माणूस त्या जागी उभा असताना तीन-चार मिनिटांत ऐकून होतील एवढीच. उंची, बांधणीचे साल, बांधवून घेणाऱ्याचे नाव हे सगळे तिथल्या पाटीवर असतेच, ते आम्ही पुन्हा सांगत बसणार नाही. आमचा रोख दुसरीकडे आहे. ही जागा आधी कोणाची होती, पैसा कुठून आला, दगड कोणी उचलले, आणि पुतळा असेल तर तो माणूस गेल्यावर किती वर्षांनी, कोणाच्या गरजेपोटी उभा राहिला?

पहिल्याच बैठकीत एक नियम ठरवून टाकला. प्रत्येक टिपणामागे निदान एक धरून दाखवता येईल अशी वस्तू हवी: पगारपत्रक, पत्र, नकाशा, खोदकामात निघालेली चीज, नाहीतर खुद्द दगडावरची खूण. 'रहस्य', 'गूढ' हे शब्द मजकुरात येणार नाहीत. राहून गेलेला इतिहास बहुतेक वेळा कोणी तळघरात दडवलेला नसतो. तो हिशेबाच्या कागदांत उघडाच पडलेला असतो, पण तो वाचावा असे कोणाला वाटलेले नसते.

९ जानेवारी

सुरुवात वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलपासून, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनापासून. घुमटाच्या टोकावर स्वातंत्र्यदेवतेचा ब्राँझचा पुतळा आहे, साडेएकोणीस फूट उंच, सुमारे १५ हजार पौंड वजनाचा. शिल्पकार थॉमस क्रॉफर्ड. पुतळा ओतला जाण्याआधीच, १८५७ साली तो वारला. ओतकाम क्लार्क मिल्सच्या भट्टीत झाले आणि त्या भट्टीतला कसबी कामगार फिलिप रीड हा मिल्सचा गुलाम होता.

रीडविषयीचा सरकारी कागद मी आज दिवसभर बाजूला ठेवू शकलो नाही. १ जुलै १८६० ते १६ मे १८६१ या काळातले ३३ रविवार, दर दिवसाला सव्वा डॉलर, एकूण ४१ डॉलर २५ सेंट. काम काय, तर साच्यांखालचा जाळ विझू न देणे. आठवड्याच्या बाकीच्या दिवसांची त्याची मजुरी मालकाला मिळत होती. रविवार तेवढा त्याचा स्वतःचा. पैसे त्याच्या हाती पडले ते १८६२ च्या जूनमध्ये, आणि पोच म्हणून त्याने सही केली नाही, फुली काढली.

मधल्या काळात १६ एप्रिल १८६२ रोजी राजधानीच्या हद्दीतली गुलामगिरी कायद्याने संपली होती. कायद्यात मालकांना भरपाई होती, गुलामांना नव्हती. भरपाईसाठी मिल्सने केलेल्या अर्जात रीडचे वर्णन आहे: वय ४२, ठेंगणा, प्रकृती चांगली, दिसायला फारसा नाही पण बुद्धीने हुशार, भट्टीकामात तरबेज. मिल्सने मागितले १५०० डॉलर, मिळाले ३५० डॉलर ४० सेंट. आज आपल्यापाशी रीडचे जे शब्दचित्र आहे ते त्याची किंमत ठरवण्यासाठी लिहिलेले आहे. टिपणात हे असेच, सरळ सांगायचे.

रीडची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मात्र थोडी जपून मांडावी लागेल. पुतळ्याचा प्लास्टरचा नमुना कॅपिटॉलमध्ये पाच भाग जोडून उभा केलेला होता आणि सांधे बाहेरून दिसेनासे केले होते. तो भट्टीवर न्यायची वेळ आली तेव्हा तो जोडणाऱ्या इटालियन कारागिराने वाढीव पैशांशिवाय सांधे दाखवायला नकार दिला. रीडने नमुन्याच्या माथ्याजवळच्या लोखंडी कडीत दोर अडकवून तो कप्पीने हळूहळू वर ओढला. ताण आला तशी सांध्याच्या जागी बारीक भेग दिसू लागली, आणि नमुना सुटा झाला. ही हकिगत मिल्सच्या मुलाने पुढे सांगितलेली आहे. पगाराचा कागद हा त्या वेळचा दाखला, ही मागाहून सांगितलेली आठवण. दोन्ही ठेवू, पण निवेदनात दोघांचा सूर वेगळा असेल. 'कागद सांगतो' आणि 'मिल्सच्या मुलाने सांगितले' असे.

या पुतळ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण का आहे तेही घ्यायचे. क्रॉफर्डने मुळात मुक्त झालेल्या गुलामाची टोपी घातली होती, रोमन परंपरेतली. त्या वेळचा युद्धमंत्री जेफर्सन डेव्हिस याने त्याला हरकत घेतली. तो पुढे गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष झाला. टोपी गेली, गरुडाच्या डोक्याचे आणि पिसांचे शिरस्त्राण आले. २ डिसेंबर १८६३ रोजी पुतळ्याचा शेवटचा भाग बसवला तेव्हा रीड स्वतंत्र होता. पुढच्या नोंदींत तो गिलावा करणारा कारागीर म्हणून भेटतो.

प्लास्टरचा तो नमुना आज कॅपिटॉलच्या अभ्यागत केंद्रात, इमॅन्सिपेशन हॉलमध्ये उभा आहे. घुमटावरचा पुतळा खालून नीट दिसत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला आधी या नमुन्यापाशी न्यायचे आणि तिथे '३३ रविवार' या शब्दांनी सुरुवात करायची.

१२ जानेवारी

तिथून जवळच व्हाइट हाउस. स्वतंत्र टिपण नको, कॅपिटॉललाच जोडू. १७९५ च्या पगारपत्रकात गुलाम सुतारांची नावे आहेत: पीटर, बेन, हॅरी, डॅनियल. आडनाव एकाचेही नाही. यांतले बहुतेक खुद्द वास्तुकार जेम्स होबानच्या मालकीचे होते, म्हणजे त्यांचा रोज होबानच्या खिशात जात होता. निवेदनात ही नावे घाई न करता, एकेक करून वाचायची.

२० जानेवारी

न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क. हे टिपण सर्वांत आधी रेकॉर्ड व्हावे असे मला वाटते, कारण इथे पाहायला काहीच उरलेले नाही. उद्यानाच्या पश्चिम कडेला, साधारण ८२ व्या ते ८९ व्या रस्त्यांच्या दरम्यान, सेनेका व्हिलेज नावाचे गाव होते.

सप्टेंबर १८२५. अँड्र्यू विल्यम्स नावाचा २५ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण, बुटांना पॉलिश करणारा, १२५ डॉलरला जमिनीचे तीन तुकडे घेतो. त्याच सुमारास एपिफनी डेव्हिस १२ तुकडे घेतो, आफ्रिकन मेथॉडिस्ट झायन चर्चही घेते. या खरेदीमागे डोक्यावर छप्पर असावे एवढीच इच्छा नव्हती. १८२१ च्या राज्यघटनेने न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय पुरुषाला मत देण्यासाठी २५० डॉलरच्या स्थावर मालमत्तेची अट घातली होती. गोऱ्यांना ती अट नव्हती. जमीन घेणे हा मतदार होण्याचा रस्ता होता.

१८५५ च्या जनगणनेत गावात सुमारे २२५ माणसे आहेत. साधारण दोन तृतीयांश कृष्णवर्णीय, बाकीचे बहुतेक आयरिश. तीन चर्च, एक शाळा, दफनभूमी. वर्तमानपत्रे मात्र या लोकांना झोपडपट्टीवाले, उपरे म्हणत होती. उद्यानाची जागा ठरली, सक्तीच्या भूसंपादनाचा हुकूम निघाला आणि १८५७ साली गाव रिकामे झाले. उद्यानाच्या सबंध जागेवरून सुमारे १६०० माणसे उठवली गेली. विल्यम्सने घर आणि तीन तुकड्यांचे ३५०० डॉलर मागितले होते, त्याला २३३५ मिळाले.

सहकाऱ्याचे म्हणणे, भरपाई मिळाली हे सांगितले की अन्यायाची धार बोथट होते, तेव्हा गाळूया. मला ते पटले नाही. १२५ ला घेतलेल्या जमिनीचे २३३५ मिळाले हे खरेच आहे आणि ते सांगायलाच हवे. गेले ते पैशात मोजायचे नव्हतेच. एकमेकांच्या शेजारी राहणारे मतदार, तीन चर्चच्या घंटा, शाळेत जाणारी मुले पांगली. हे गाव पुन्हा कुठे एकत्र वसले नाही. आकडे ठेवले. थोडी वादावादी झाली, शेवटी त्यालाही पटले.

धरून दाखवायची वस्तू: २०११ च्या उत्खननात चर्चचा सेवक विल्यम गॉडफ्री विल्सन याच्या घराचा दगडी पाया लागला. लोखंडी किटली निघाली. लहान मुलाचा चामड्याचा बूट निघाला. उपऱ्यांच्या झोपड्या म्हणून ज्यांची हेटाळणी झाली ते घर दगडी पायावर उभे होते. टिपणाचा हाच कणा.

२८ जानेवारी

पुतळ्यांसाठी आमच्या कामाची एक सवय पक्की केली. वहीत दोन साले शेजारी शेजारी लिहायची, माणूस गेला ते आणि पुतळा उभा राहिला ते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एडवर्ड कोल्स्टनचे पाहा. मृत्यू १७२१, पुतळा १८९५. मध्ये १७४ वर्षे. म्हणजे हा पुतळा कोल्स्टनपेक्षा व्हिक्टोरियन ब्रिस्टलविषयी जास्त सांगतो. दानशूर व्यापाऱ्याचा आदर्श शहरातल्या पुढाऱ्यांना तेव्हा हवा होता. मूळ फलकावर तो शहराचा सद्गुणी आणि शहाणा सुपुत्र होता. रॉयल आफ्रिकन कंपनीत तो १६८० पासून होता, पुढे तिचा उपप्रमुखही झाला, आणि त्याच्या काळात तिने अंदाजे ८४ हजार माणसे गुलाम म्हणून जहाजांत घातली. हे फलकावर नव्हते.

दुसरा फलक लावून हे सांगावे असा प्रयत्न २०१८ मध्ये झाला. मजकुरावर वाद झाला, शब्द सौम्य होत गेले, आणि तो फलक बसलाच नाही. ७ जून २०२० रोजी जमावाने पुतळा पाडून बंदरात ढकलला. आता तो एम शेड संग्रहालयात आहे, अंगावरच्या रंगाच्या फवाऱ्यांसकट, आडवा. पुतळे पाडावेत का, या वादात आमचे टिपण शिरणार नाही. पण चार ओळींचा फलक वेळेवर न बसल्याची हकिगत आमच्या कामाच्या इतकी जवळची आहे की ती मी सविस्तर लिहिणार आहे.

५ फेब्रुवारी

कोलोसियम. आज फार आनंद झाला, कारण इथला पुरावा म्हणजे नुसती भोके.

तिथे एक संगमरवरी शिळा आहे. तिच्यावर पाचव्या शतकातल्या लाम्पाडियस नावाच्या अधिकाऱ्याचा लेख कोरलेला आहे, डागडुजी केल्याचा. पण त्या अक्षरांच्या मधून-मधून लहान छिद्रे दिसतात. जुन्या काळी ब्राँझची अक्षरे बनवून ती मागच्या खिळ्यांनी दगडात रोवत. अक्षरे काढून घेतली, छिद्रे राहिली, आणि पुढे तोच दगड दुसऱ्या लेखासाठी वापरला. गेझा आल्फोल्डी या अभ्यासकाने १९९५ मध्ये त्या छिद्रांच्या जागांवरून मूळ मजकूर जुळवला. त्याचा आशय: सम्राट व्हेस्पॅसियनने हे नवे रंगमंडल लुटीच्या पैशातून बांधवले. पुढे टायटसचे आद्याक्षर मध्ये घुसवले गेले, हेही छिद्रांच्या दाटीवरून त्याने ओळखले. बापाचे श्रेय मुलाकडे, एका अक्षराने.

ही लूट कोणती? इ.स. ७० मध्ये जेरुसलेम पडले, मंदिर जाळले गेले, तिथली संपत्ती रोममध्ये आली. त्या सालांत एवढ्या मोठ्या बांधकामाला पुरेल अशी लूट तीच. शेजारी टायटसच्या कमानीवर सात फांद्यांचा दीपवृक्ष खांद्यावर वाहून नेणारे सैनिक कोरलेले आहेत. पर्यटक दोन्ही बघतात, पण एक दुसऱ्याची पावती आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. आम्ही टिपण कमानीपाशी सुरू करून कोलोसियमपाशी संपवू. चालत पाच मिनिटांचेही अंतर नाही.

हजारो ज्यू कैद्यांनी कोलोसियम बांधले हे वाक्य जागोजागी सापडते. त्याला थेट दाखला नाही, म्हणून ते आमच्याकडे येणार नाही. पैशाचा माग दगडातून लागतो आहे, त्याच्या भरवशावर न दिसलेल्या मजुरांची वर्णने करायची नाहीत.

जाता जाता: १८५५ साली रिचर्ड डीकिन या इंग्रज डॉक्टरने कोलोसियमच्या भिंतींवर उगवलेल्या वनस्पतींची मोजदाद केली. ४२० जाती. पुढे १८७० च्या दशकात स्मारक 'स्वच्छ' करताना ती सगळी हिरवळ खरवडून काढली गेली. टिपणात जागा नाही, तरी वहीत राहू दे. स्मारक नेहमीच आज दिसते तसे कोरडे होते असे मानायचे कारण नाही.

११ फेब्रुवारी

ताजमहाल. इथले काम उलट्या बाजूचे आहे, कारण इथे विसरलेला इतिहास कमी आणि रचलेला इतिहास जास्त. कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. समकालीन कागदांत तिला आधार नाही. उलट ताजचा वास्तुकार मानला जाणारा उस्ताद अहमद लाहोरी पुढे शाहजहानच्या दिल्लीच्या बांधकामावर दिसतो. शाहजहानाबादची पायाभरणी १६३९ ची. ज्याला एवढे मोठे शहर उभारायचे आहे तो कसबी हात जपेल, तोडणार नाही.

दुसरी दंतकथा काळ्या ताजची. टॅव्हर्नियर या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले की शाहजहानने नदीपलीकडे स्वतःची कबर बांधायला घेतली होती. पलीकडे मेहताब बाग आहे. तिथे १९९० च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा निघाला अष्टकोनी मोठा हौद, कारंज्यांसकट. त्या पाण्यात पांढऱ्याच ताजचे प्रतिबिंब पडावे अशी योजना होती. म्हणजे ताज नदीच्या एका काठावर संपत नव्हता, पलीकडची बागही त्याच आराखड्यात होती. आज आपण अर्धी रचना बघून परततो. ही खरी हकिगत दंतकथेपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

१६५२ मध्ये औरंगजेबाने बापाला लिहिलेले पत्रही हवेच. घुमट उत्तरेकडून गळतो आहे, मेहताब बाग पुरात बुडाली होती, असे त्यात कळवले आहे. काम पूर्ण होऊन फार दिवस झाले नव्हते आणि दुरुस्तीचा प्रश्न उभा राहिला होता. मुलाने बापाला कळवलेली गळती ऐकली की ती इमारत कोणाच्या तरी घरची वाटू लागते.

आणि हात. सुलेखनकार अमानत खान याने आतल्या लेखाखाली स्वतःचे नाव आणि हिजरी १०४८ हे साल घातले आहे, म्हणजे १६३८-३९. त्याला तो मान होता. पाथरवटांना नव्हता, त्यांनी फरशांवर आणि चौथऱ्याच्या दगडांवर आपापल्या खुणा कोरल्या: चांदणी, स्वस्तिक, निरनिराळ्या भौमितिक आकृत्या. ऐकणाऱ्याला सांगायचे, आता घुमटावरून नजर काढा आणि पायाखाली बघा.

१९ फेब्रुवारी

गिझा. आज आमच्यासारखीच एक वही वाचली. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ इथे पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसचे, म्हणजे प्राचीन इजिप्तमधल्या कागदाचे तुकडे मिळाले. लिहिलेले इतके जुने पपायरस आजवर दुसरे सापडलेले नाहीत. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाच्या कारकिर्दीचे शेवटचे दिवस, हाताखाली चाळीसेक माणसे. वर महिना, खाली दिवसांचे रकाने, प्रत्येक रकान्यात नोंद: तुराच्या खाणीत दगड भरला, नाव सोडली, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम, दुसऱ्या दिवशी गिझाला पोहोचलो. दर दहा दिवसांत दोन-तीन खेपा. तुराचा चुनखडी दगड पिरॅमिडच्या बाहेरच्या आवरणासाठी लागत होता. कामावरचा वरिष्ठ म्हणून खुफूचा सावत्र भाऊ अंखहाफ याचे नाव येते.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लाख माणसे आणि वीस वर्षे असे लिहिले. तो पिरॅमिडनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी आला. मेरेर त्याच दिवशी लिहीत होता. तरी शतकानुशतके लाख माणसांवर आसूड ओढणारेच चित्र चालत आले, कारण ते डोळ्यांपुढे चटकन उभे राहते. मार्क लेनर यांच्या उत्खननात पिरॅमिडच्या दक्षिणेला कामगारांची वस्ती निघाली आहे. भाकरीच्या भट्ट्या, गुरांची आणि मेंढ्यांची हाडे, म्हणजे खायला मांस होते. १९९० पासून सापडत गेलेल्या कामगारांच्या कबरी राजाच्या पिरॅमिडच्या दृष्टिटप्प्यात आहेत. एवढ्यावरून ते सुखात होते असे म्हणायचे नाही. हाडांवर कष्टाच्या खुणा आहेतच.

कामगारांचे आणखी कागद हवे असतील तर हजाराहून जास्त वर्षे पुढे यावे लागते, राजांच्या खोऱ्यातल्या कबरी खोदणाऱ्या गावात, देर अल-मदिनाला. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांचा एक हजेरीपट आहे, चुनखडीच्या तुकड्यावर लिहिलेला, दुसऱ्या रामसेसच्या ४० व्या वर्षाचा. गैरहजेरीची कारणे लिहिली आहेत. विंचू चावला. डोळे आलेत. बिअर गाळायची होती. घरात मयत, प्रेताची तयारी. आणि तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, शिधा थकला म्हणून हेच लोक हत्यारे खाली ठेवून देवळामागे जाऊन बसले. लिहून राहिलेला जगातला सर्वांत जुना संप. तो पपायरस तुरिनच्या संग्रहालयात आहे.

याचे वेगळे टिपण होणार. राजांच्या खोऱ्यात जाणारा प्रत्येक जण तूतनखामेनची कबर बघतो. ती खोदणारी वस्ती डोंगराच्या पलीकडे आहे.

२७ फेब्रुवारी

ग्रेट झिम्बाब्वे. अकराव्या ते पंधराव्या शतकातले शहर. चुना-मातीशिवाय रचलेल्या ग्रॅनाइटच्या भिंती, काही ठिकाणी ११ मीटर उंच. इथे इतिहास नजरचुकीने सुटला नाही. तो प्रयत्नपूर्वक पुसला गेला, म्हणून हे टिपण लांबले तरी चालेल असे सर्वांनी मान्य केले.

१८७१ मध्ये जर्मन प्रवासी कार्ल माउख इथे पोहोचला. दाराच्या लाकडी तुळईचा वास त्याला आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा आला, त्यावरून ते लेबनॉनचे देवदार, म्हणून ही बायबलमधल्या शेबाच्या राणीची इमारत, असा निष्कर्ष त्याने काढला. लाकूड खरे तर तिथल्याच झाडाचे. पण गोऱ्या वसाहतीला ही कल्पना सोयीची होती: आफ्रिकी लोकांनी हे बांधलेच नाही म्हटले की जमीन घेणारे आपण पहिले परके ठरत नाही. १९०२ पासून रिचर्ड हॉलकडे या जागेची देखभाल आली. त्याने आफ्रिकी वस्तीची घाण काढतो आहोत असे सांगत वरचे थरच्या थर उपसून टाकले. नेमका त्या थरांतच पुरावा होता. एकदा थर उपसला की तो परत रचता येत नाही. या नोंदी करताना माझा सर्वांत जास्त जीव तुटला तो इथे.

तरीही सत्य उरले. डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी १९०५ मध्ये, आणि गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी १९२९ मध्ये अस्पर्शित थर खणून दाखवले की हे काम स्थानिक आफ्रिकी लोकांचेच. केटन-थॉम्प्सन यांच्याबरोबर कॅथलीन केन्यन आणि डोरोथी नोरी होत्या, तिघीही स्त्रिया. थरांत चिनी आणि इराणी भांड्यांचे तुकडेही मिळाले. सोन्याच्या व्यापाराने हे शहर हिंदी महासागराशी जोडलेले होते.

शास्त्राचा निकाल १९२९ लाच लागला होता. सरकारने मात्र तो मानला नाही. १९६५ नंतरच्या ऱ्होडेशियात, म्हणजे गोऱ्यांच्या राजवटीतल्या आजच्या झिम्बाब्वेत, अधिकृत मजकुरांत संदिग्धता ठेवण्याचा दबाव होता. स्मारकांचे निरीक्षक पीटर गार्लेक यांनी तो मानला नाही आणि १९७० मध्ये देश सोडला. १९८० साली स्वातंत्र्य आले तेव्हा देशाने याच भग्नावशेषांचे नाव घेतले, आणि इथला दगडी पक्षी झेंड्यावर आला. बाहेर नेलेल्या पक्ष्यांपैकी काही १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परत आले. एका पक्ष्याच्या बैठकीचा तुकडा जर्मनीतून २००३ साली आला.

टिपणात हॉलने उपसलेल्या जागेपाशी थांबायला सांगायचे.

६ मार्च

माचू पिचू आणि अंकोर एकत्र. दोन्हीकडे एकेका पाहुण्याच्या नावावर शोध जमा आहे.

हायरम बिंगहॅम २४ जुलै १९११ रोजी माचू पिचूला पोहोचला तेव्हा त्याला वाट दाखवली ती मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्याने, आणि वर अवशेषांतून फिरवले ते तिथे शेती करणाऱ्या कुटुंबातल्या एका मुलाने. पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत पीक उभे होते. तीन खिडक्यांच्या देवळाच्या भिंतीवर कोळशाने लिहिले होते: आगुस्तीन लिसारागा, १९०२. बिंगहॅमने आपल्या वहीत हे नाव शोधक म्हणून लिहून घेतले. नंतरच्या त्याच्या लेखनात ते मागे पडत गेले आणि भिंतीवरूनही अक्षरे पुसली गेली. त्याने नेलेल्या वस्तू येल विद्यापीठातून पेरूला परत आल्या त्या २०११-१२ मध्ये.

कंबोडियातल्या अंकोर वाट मंदिराबद्दल १८६० मध्ये आलेल्या आंरी मुओ या फ्रेंच प्रवाशाचे नाव घेतात. तिथे एका खांबावर जपानी अक्षरांत नोंद आहे, १६३२ ची. उकोंदायू काझुफुसा नावाचा यात्रेकरू येऊन बुद्धमूर्ती अर्पण करून गेला. म्हणजे मुओच्या सव्वादोनशे वर्षे आधी हे समुद्रापलीकडून लोक येतील असे जागते तीर्थस्थान होते. जंगलाने गिळलेले ओसाड नगर हे चित्र अंकोर वाटला तरी लागू नाही. टिपण छोटेच ठेवू. खांब कुठे आहे ते नीट सांगता आले पाहिजे, एवढे काम बाकी.

१४ मार्च

आयफेल टॉवर. पहिल्या मजल्याच्या खाली चारी बाजूंना ७२ शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांची नावे आहेत, प्रत्येक बाजूला १८. एकही स्त्री नाही. सोफी जर्मेन यांना स्थितिस्थापकतेवरच्या गणितासाठी १८१६ मध्ये पॅरिसच्या अकादमीचे पारितोषिक मिळाले होते, आणि लोखंडाच्या असल्या बांधणीला त्याच शास्त्राची गरज असते. स्त्रियांची नावे घालावीत असा प्रस्ताव आता पॅरिसमध्ये पुढे आला आहे. शिवाय मनोऱ्याचा पहिला आराखडा १८८४ मध्ये मोरिस केशलँ आणि एमिल नुगिए या आयफेलच्या दोन अभियंत्यांनी काढला. आयफेलने सुरुवातीला त्यात फारसा रस घेतला नव्हता, नंतर हक्क विकत घेतले. हे टिपण सोपे आहे. दोन दिवसांत होईल.

२२ मार्च

रेकॉर्डिंगचा क्रम लागला: सेनेका व्हिलेज, कॅपिटॉल, कोलोसियम, ग्रेट झिम्बाब्वे, मग बाकीची. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या (स्टॅच्यू ऑफ लिबर्टी) पायाशी तुटलेले साखळदंड आहेत हे टिपण वगळले. ते खरे आहे, पण ते बहुतेकांच्या कानावर आलेले आहे.

शेवटचा मोठा प्रश्न माउंट रशमोरचा होता. १९२७ ते १९४१ मध्ये चार अमेरिकन अध्यक्षांचे चेहरे कोरण्याआधी तिथले मूळ रहिवासी, सू जमातींपैकी लाकोटा लोक या डोंगराला 'सहा आजोबा' म्हणत. हा डोंगर ज्यांत येतो त्या ब्लॅक हिल्स १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाने त्यांना दिल्या होत्या. सोने सापडले आणि त्या काढून घेतल्या गेल्या. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे ताबा घेणे भरपाईपात्र ठरवून सुमारे साडेदहा कोटी डॉलर मंजूर केले. सू लोकांनी ते घेतले नाहीत. त्यांना डोंगर हवे आहेत. रक्कम व्याजासकट वाढत एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे.

बाकीची टिपणे घडून गेलेल्या गोष्टींची आहेत, ही गोष्ट चालू आहे. म्हणून इथे निवेदन भूतकाळात होणार नाही. सहकारी विचारत होता की उद्या निकाल फिरला तर रेकॉर्डिंगचे काय करायचे. ठरले ते असे: या एका टिपणाच्या सुरुवातीला रेकॉर्डिंगची तारीख बोलून सांगायची, आणि मजकूर दर वर्षी पुन्हा तपासायचा. यादीत त्याच्यापुढे तशी खूण केली आहे.